वसंताच्या पायाला फळ्या कुणी बांधल्या?

निपाणीच्या माझ्या मामांइतका थंडीला भ्यालेला माणूस पुण्यापासून धारवाडपर्यंतच्या मुलखात झाला नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. लोक वाघाला भितात, भुताला भितात, काही जण बायकोला भितात; मामा वाऱ्याच्या झुळकीला भीत. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की त्यांच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी चढे. होळी पेटली तरी ती उतरत नसे, कारण होळीच्या धगीवरून माणूस एकदम गार वाऱ्यात आला तर त्याचं काय होईल हे सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चैत्रात टोपी गेली तरी मफलर राही. त्यांच्या तंबाखूच्या वखारीत हमाल उघड्या अंगानं तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, उचलत घामानं निथळत असत, आणि त्यांच्या मधोमध मामा घोंगडं पांघरून, दाराकडं पाठ करून बसलेले असत. काकतीला एका लग्नात तर त्यांनी सनईवाल्याला तोंड भिंतीकडं करून वाजवायला लावलं. का, तर त्याच्या सनईतनं येणारी फुंकर थेट यांच्या कानावर येत होती. कोर्टाच्या कामाला बेळगावला आले, की माझ्याकडं जेवत, पण मुक्काम म्हणून करत नसत. दिवस कलायला लागला की सर्व्हिस मोटार धरायची घाई. "तुमच्या ह्या गावात माणूस ऱ्हातोय कसा रं बापू?" असं ते मला दर खेपेला विचारत, आणि बेळगावातली माणसं अजून जिवंत आहेत याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे.

हाच माणूस पुढं आल्प्स पर्वतावर गेला. जिथं गोरे लोक बर्फावर घसरायला जातात अशा गावी गेला, आणि आगगाडी, मोटार, बिनचाकांची गाडी असं सगळं करत गेला. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी स्वतःच बरोबर होतो. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझा मलाच धक्का बसतो.

मामांची आणखी दोन वैशिष्ट्यं आधी सांगायला हवीत. एक म्हणजे वास. तंबाखूचं पान नाकाशी धरून ते कुठल्या गावच्या मातीतलं आहे हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ती सवय वखारीपुरती राहिली नव्हती. पाहुण्यांकडचं पाणी, नवं धोतर, आलेलं पत्र, दारात उभा असलेला माणूस, सगळं आधी नाकानं तपासलं जाई. माझ्यासाठी संकेश्वरला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा मामांनी पोह्यांची बशी नाकाशी नेऊन भर बैठकीत "तेल जुनं हाय" असा निकाल दिला. ते स्थळ तिथंच बारगळलं. मुलीनं दाराआडून माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. दुसरं वैशिष्ट्य भाषेचं. आमच्या सीमेवरच्या गावांत ज्याला मराठी येत नाही त्याला कानडी येतेच, हा मामांचा रोजचा अनुभव होता. त्यावरून त्यांनी असा सिद्धांत काढला होता, की जगातल्या कुठल्याही माणसाला मराठी कळत नसेल तर त्याच्याशी कानडीत बोलावं. तिसरी पाळी यायचं कारणच नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता. बेळगावात मॅट्रिक झाला, पुण्यात पुढचं शिकला आणि विजेचं इंजिनिअरिंग करायला स्वित्झर्लंडला गेला. थंडीच्या नावानं कापणाऱ्या या बापानं मुलाला तिकडं धाडलं कसं, असा गावाला प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर सोपं होतं. स्वित्झर्लंडबद्दल मामांना एकच गोष्ट ठाऊक होती, की तिथं घड्याळं करतात. घड्याळ म्हणजे दारं लावून, घरात बसून करायचं काम. असा बैठ्या कामाचा मुलूख पोराच्या तब्येतीला चांगला, असा त्यांनी विचार केला होता.

आणि एका माघात वसंताचं पत्र आलं. मी त्या दिवशी निपाणीतच होतो, म्हणून वाचायला मलाच दिलं. अभ्यासाचं, खाण्यापिण्याचं लिहून झाल्यावर शेवटी त्यानं जाता जाता लिहिलं होतं, की सुट्टीत डोंगरावर गेलो होतो, पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत खाली येताना पडलो आणि पाय मोडला. आता प्लॅस्टरात इथंच डोंगरावरच्या गावात पडून आहे, काळजी नसावी. मी वाचायचा थांबलो. मामांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, त्याचा वास घेतला आणि परत माझ्याकडं दिलं. मग म्हणाले, "बर्फ पडतंय हे कळलं. डोंगर हाय हे बी कळलं. पर त्येच्या पायाला फळ्या कुणी बांधल्या?"

पुढचे आठ-पंधरा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, कॉलेजातली शिक्षा असेल. कुणी म्हणालं, इंजिनिअरची परीक्षाच तशी असते, फळ्यांवर उभा राहिला तर पास. आमच्या एका शेजारीणबाईंना तो नवस वाटला. मी आपला बेळगावच्या क्लबातल्या मासिकांतली चित्रं आठवून, तो तिकडचा खेळ आहे, असं समजावत होतो. मामांना ते मुळीच पटत नव्हतं. आपलं पोर शहाणं आहे, ते आपण होऊन पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली उडी घेणार नाही. तेव्हा कुणीतरी बांधल्या, हे त्यांनी धरून ठेवलं. पण जाण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. ती काढली मामींनी. मामी म्हणजे उभ्या जन्मात संकेश्वरच्या पलीकडं न गेलेली बाई. जेवणं चालली होती, वाढता वाढता ती थांबली आणि म्हणाली, "तुमी जाताय का मी जाऊ? पोराचा पाय कुनीतरी डोळ्यानं बघून याया पायजे."

मामांचा घास हातातच राहिला. नवऱ्यासमोर मान वर न करणारी ही बाई आगबोटीत बसायची भाषा करते, या धक्क्यातून ते बाहेर आले ते थेट बेळगावला माझ्या दारात. इंग्रजी बोलायला मी बरोबर चलायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. माझी वकिली तेव्हा अशी होती, की महिना-दोन महिने मी नसलो तर कोर्टाच्या ते लक्षातही आलं नसतं. कॅम्पातल्या शिंप्याकडून त्यांनी एका धिप्पाड गोऱ्या सोल्जराचा जुना ओव्हरकोट मिळवला. तो मामांच्या घोट्यापर्यंत येई. त्याच्या खाली धोतर, धोतराच्या आत लोकरीची विजार, वर घोंगडं आणि डोक्यावर एकावर एक दोन कानटोप्या, अशा थाटात आम्ही बेळगाव स्टेशनवर उभे राहिलो, तेव्हा पोचवायला आलेल्या माणसांपेक्षा बघायला आलेली जास्त होती.

मुंबईहून बोट सुटली. तांबड्या समुद्रात उकाड्यानं गोरे उतारू अर्धमेले होऊन पडले होते, तेव्हा मामा बॉयलरच्या बाजूच्या भिंतीला टेकून पहिल्यांदा मोकळेपणी हसले आणि आता कुठं हवा जरा बरी झाली म्हणाले. इटलीत उतरलो आणि माझं इंग्रजी संपलं. स्टेशनावर एकालाही ते कळेना. मी घामाघूम होऊन इकडंतिकडं पळतोय, तोवर मामांनी एका मिशाळ पोर्टरला गाठलं आणि त्याला शांतपणे, ही गाडी कुठं जाते, असं कानडीत विचारलं, "ई गाडी एल्लिगे होगतैती?" त्यानं मामांच्या हातातली तिकिटं बघितली, मान डोलावली, आमच्या वळकट्या उचलल्या आणि आम्हाला बरोबर डब्यात नेऊन बसवलं. मी आ वासून बघत राहिलो. मामांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "माणूस धारवाडकडचा दिसतोय," एवढंच म्हणाले.

पुढं एक बोगदा लागला. तो संपेचना. मामांनी आधी माझा हात धरला, मग रामरक्षा सुरू केली. ती दोनदा म्हणून झाली तरी अंधारच. आणि एकदम बाहेर आलो तेव्हा जिकडं बघावं तिकडं पांढरं. झाडं, छपरं, कुंपणं, डोंगर, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. मामा काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "चुन्याची भट्टी फुटली का काय रं?" ते बर्फ आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी काचेपासून नाक काढलं आणि दुसऱ्या टोपीचा बंद आवळला.

एका जंक्शनवर लहान गाडी धरायची होती. तिच्या रुळांच्या मधोमध दाते होते. त्यांत गाडीचं दातेरी चाक अडकवून ती डोंगर चढते, हे मी समजावून दिल्यावर मामांनी, म्हाताऱ्या माणसासारखा तिचा एखादा दात पडला तर काय, अशी शंका काढली. पण खरा धक्का डब्यात बसला. आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर दोन लांब फळ्या होत्या. पोरींच्या, पोक्त गृहस्थांच्या, सगळ्यांच्या. मामांच्या समोर तर एक पांढऱ्या केसांची बाई फळ्या घेऊन बसली. मामांचा चेहरा उतरला. एकाचा कट असेल असं समजून ते निघाले होते; इथं तर सगळा मुलूख फसला होता. त्यांनी पुढं वाकून त्या बाईला मराठीत, अगदी बहिणीला सांगावं तसं सांगितलं, की आक्का, माझ्या पोराचा पाय ह्यानंच मोडलाय, अजून वेळ गेलेली नाही, घरी जा. बाईनं हसून त्यांना चॉकलेट दिलं. मामांनी त्याचा वास घेतला, खिशात ठेवलं आणि वरच्या स्टेशनापर्यंत ते तिच्या गुडघ्यांकडं कळवळून बघत राहिले.

गाडी संपल्यावर पिवळी टपालमोटार. तिच्या चाकांना साखळदंड बांधलेले. रस्ता म्हणजे डोंगराला गुंडाळलेली दोरी, एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आणि ड्रायव्हर मागं वळून उतारूंशी गप्पा मारतोय. मामांनी डोळे मिटले ते मिटलेच. मधे एकदा उघडून खाली पाहिलं आणि म्हणाले, "आपला तवंदीचा घाट म्हंजे उंबरा हाय ह्येच्यापुढं." टपालमोटारही एका जागी थांबली. त्यापुढं घोड्याची गाडी, पण तिला चाकं नव्हती, लाकडी पट्ट्यांवर ती घसरत होती. मामांनी गाडीला एक फेरी मारून सगळीकडं चाकं शोधली. मग खाली वाकून त्यांनी चिमूटभर बर्फ उचललं, नाकाशी नेलं, आणि मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वासच नव्हता. नाकावर जगलेल्या माणसापुढं ही सगळी दुनिया पसरली होती आणि तिला कशाचाच वास नव्हता.

वसंता आम्हाला घ्यायला आला नव्हता. तारेत आमची तारीख चुकली होती, हे मागाहून कळलं. आम्ही त्याच्या उतरण्याच्या जागेचा पत्ता विचारत गावाच्या टोकाला आलो. समोर डोंगराचा मोठा उतार होता, आणि त्यावरून माणसं घारीसारखी खाली येत होती. त्यातला एक वाकडीतिकडी वळणं घेत आमच्याच दिशेनं आला, बर्फाचा फवारा उडवत हातभरावर थांबला आणि त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. तो वसंता होता.

ज्याचा मोडलेला पाय बघायला आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो, तो प्लॅस्टर काढून परत फळ्या बांधून उभा होता. मामांनी त्याच्याकडं पाहिलं, पुढं झाले आणि खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. या माणसानं आयुष्यात मुलावर हात उगारला नव्हता. वसंता गालावर हात ठेवून उभा राहिला. आणि मग मामा तिथंच बर्फात गुडघे टेकून बसले, आणि उघड्या हातांनी त्याच्या पायांच्या फळ्या सोडायला लागले. त्यांना ती कडी सुटेना. बोटं लाल झाली, वळेनाशी झाली, तरी ते ओढतच होते. शेवटी वसंतानं वाकून त्यांचे हात बाजूला केले आणि कड्या आपण उघडल्या.

"कुनी बांधल्या ह्या?" मामांनी खालूनच विचारलं.

"मीच, आप्पा."

"का?"

वसंता म्हणाला, "वरनं खाली येताना मी कुनाचाच कोन नसतो. बरं वाटतंय."

मामा उठले, गुडघ्यांवरचं बर्फ झाडलं, आणि चालायला लागले.

आम्ही तिथं दहाएक दिवस राहिलो. मामा रोज सकाळी शेगडीजवळून उठून, कोट-घोंगडं चढवून त्या उताराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहत. गोरी माणसं त्यांचे फोटो काढत. कुणी पडलं की मामा "अरं अरं" करत धावत, आणि हात धरून त्याला उठवत. मडमांनाही उठवत. आणि सगळेच्या सगळे हसत. याचा मामांना जो धक्का बसला तो फळ्यांपेक्षा मोठा होता. रोज जेवताना ते मला तेच सांगत, की बापू, ही माणसं पडल्यावर हसतात. आपल्याकडं पडलेला माणूस आधी कुणी बघितलं का ते बघतो. याच दिवसांत वसंतानं सांगून टाकलं, की परीक्षा झाली की त्याला इथल्याच डोंगरातल्या विजेच्या कारखान्यात काम मिळतंय, आणि वखार सांभाळायला तो यायचा नाही. मला वाटलं, आता दुसरी थप्पड बसणार. पण मामांनी फक्त ताटातला भाकरीसारखा जाड पाव मोडला, अर्धा त्याच्या ताटात टाकला, आणि ते जेवत राहिले.

निघायच्या दिवशी वरून बर्फ कोसळून मोटारीचा रस्ता बंद झाला. खालच्या स्टेशनावर गाडी धरली नाही तर बोट चुकणार. गावातली माणसं अशा वेळी लहान लाकडी घसरगाडीवर बसून रानातल्या वाटेनं खाली जातात. वसंता ती घेऊन आला आणि मामांना म्हणाला, मागं बसा, मला घट्ट धरा. मला वाटलं, बोट चुकली तरी चालेल पण हे होणार नाही. मामांनी दोन्ही टोप्यांचे बंद आवळले, पोराच्या मागं बसले, आणि त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. बघता बघता ते झाडांत दिसेनासे झाले. मी टपालवाल्याच्या घसरगाडीवर त्याच्या मागं बसून, देवाचं नाव घेत खाली पोचलो, तेव्हा ते दोघं स्टेशनासमोर बर्फात आडवे पडलेले. घसरगाडी उलटी झालेली. घोंगडं एकीकडं, एक टोपी झाडाला अडकलेली. मी ओरडत धावलो. जवळ गेलो तर मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंग गदगदत होतं, आणि ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून हसत होते. पोराच्या खांद्याला धरून उठले आणि म्हणाले, "आनि येकदा."

पण गाडीची घंटा झाली होती. आम्ही कसेबसे चढलो. वसंता खिडकीशी उभा होता. दोघांनाही बोलायचं होतं आणि दोघंही सामान मोजल्यासारखं करत होते. गाडी हलली तेव्हा मामा खिडकीतून वाकून म्हणाले, "मी ये म्हनत न्हाय. पर पडलास तर कळीव. लपवू नगंस."

निपाणीत परतल्यावर ते या प्रवासाबद्दल फारसं बोलत नसत. कुणी विचारलं तर, मुलूख पांढरा आहे आणि माणसं धडपडी आहेत, एवढं सांगून विषय बदलत. लगोलग लढाई लागली, बोटी बंद झाल्या, वसंताची पत्रं महिनोन्‌महिने येईनात. ती लढाई संपायच्या आधीच, भर वैशाखात, मामा गेले.

वसंता आला तो पुढं बऱ्याच दिवसांनी. मी त्याला बेळगावहून निपाणीला घेऊन गेलो. मामी थकली होती, तिला कमी दिसत होतं. तिनं त्याला जवळ बसवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग त्याचा उजवा पाय मांडीवर ओढून घेऊन ती गुडघ्यापासून खाली चाचपायला लागली.

"आई, हा न्हवं," वसंता म्हणाला. "डावा मोडलावता."

मामीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यांनी तर उजवा म्हनून सांगितलं. इतकी वर्सं मी देवाला उजवाच पाय सांगत आले."

मी ते सगळे दिवस आठवून बघितले. जेवताना, शेगडीपाशी, उताराच्या पायथ्याशी, खिडकीतून वाकताना, मामा सारखे वसंताकडं बघत असत हे खरं. पण बघत असत ते त्याच्या तोंडाकडं. समुद्र ओलांडून, त्या थंडीत, ज्या पायासाठी गेले होते, तो पाय, फळ्या सोडतानाही, काही त्यांनी पाहिला नव्हता.

मामीनं डावा पायही मांडीवर घेतला. "असू दे," म्हणाली, आणि दोन्ही पायांवरून हात फिरवत बसून राहिली.